शेठाणी तळ्यात जात नाही

वेलापर, तालुका अबडासा, कच्छ
चैत्र वद्य सप्तमी, सन १९७०

चि. खेतसी यास,
पानबाईचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र. वि. वि.

त्या सकाळी मी अंगण झाडत होते आणि तुझे मोटाभाई निवडुंगाखाली आडवे होऊन कासवं मोजत होते. रोज चार मोजल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. त्या दिवशी तीनच भरली. मी म्हटलं, आधी चहा घ्या, दलाल कुठे पळून जातोय. त्यांनी कुंपणाच्या काट्यांत हात घातला, घागरीमागे पाहिलं, लाकडांची मोळी उचकटली. शेवटी दलाल सापडला माझ्या केरात. मी त्याला पाचोळ्याबरोबर लोटत लोटत थेट दारापर्यंत नेलं होतं. तुझे मोटाभाई हसले नाहीत. त्यांनी दलालच्या पाठीवरची धूळ उपरण्याने पुसली आणि म्हणाले की जन्मात पहिल्यांदा याला कोणीतरी धावायला लावलं. मग चहा गार झाला म्हणून मलाच बोलले.

तू लिहिलंस, मोटाभाईंना जाऊन दोन वर्षं होतील, आपल्या समाजाच्या महाजनाच्या सभेत दोन शब्द बोलायचेत, एखादी आठवण कळवा. मला हीच आठवते. ते पांजरपोळीत हिशेब लिहिणारे मेहता होते, सचोटीचे होते, हे सगळं तिथल्या लोकांना माहीत आहे. कासव केरात गेलं हे माहीत नाही. सभेत शोभेल का ते तुझं तू बघ.

इकडे सर्व क्षेम. ऊन चढलं आहे. चारही कासवं सकाळी लवकर चरून घेतात आणि दुपारी सावलीत पाय आत ओढून बसतात. काल गावच्या मुखींची सून विस्तव मागायला आली होती. शेठाणीची पाठ बघून म्हणाली, काकी, माझी पितळेची कळशीसुद्धा इतकी चकचकीत नाही. मी तिला विस्तव दिला आणि वर गूळही दिला. गुरं राखणाऱ्या भीमा रबारीने शेठाणीला आणलं तेव्हा गाडीच्या चाकाखाली तिची पाठ उकललेली होती. पांजरपोळीच्या शेठियांनी सांगितलं, इथे गाई-बैल ठेवायचे, असलं काही नाही. तुझ्या मोटाभाईंनी तिला धोतराच्या ओच्यात घातलं आणि घरी आणलं. आज ती भेग हात फिरवल्याशिवाय कळत नाही. बाकीची तिघं, मुनीम, दलाल आणि पटेल, मागून अशीच कोणी ना कोणी आणून दिली. इतक्या वर्षांत एकही आजारी पडलेलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या दुसऱ्या कशाबद्दल मला एवढी ऐट नाही.

नेणबाईची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, वाकून लादी पुसणं सोड, नवऱ्याला पुसू दे. मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे, आणि पत्राला इतका वेळ लावू नकोस.

तुझी भाभी,
पानबाई

*

भातबाजार, मुंबई
वैशाख शुद्ध दशमी

ती. स्व. भाभींस,
खेतसीचा सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

तुमची आठवण सभेत सांगितली. आधी सगळे हसले. मग मागच्या रांगेतले लालजीबापा डोळे पुसू लागले आणि त्यांचं बघून निम्मी सभा पुसू लागली. दलालीच्या धंद्यात माझ्या बोलण्याने आजवर कोणी रडलं नव्हतं. रडले ते नंतर, भाव उतरल्यावर.

त्या भरात मी उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष शब्द दिला. येत्या आषाढी बिजेला, आपल्या नव्या वर्षाच्या दिवशी, मोटाभाईंच्या चारही कासवांना वेलासर तळ्यात सोडून अभयदान द्यायचं. सभेने जयजयकार केला. तळ्याच्या पायरीवर संगमरवरी पाटी बसवायची, तिच्यावर ‘रायसीभाई’ असं मोटाभाईंचं नाव. आमंत्रणं छापायला दिली आहेत. नलियाचे ढोलवाले ठरवले आहेत. मी स्वतः येतो. तुम्ही फक्त कासवांना हळदकुंकू लावून ठेवा.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितोच. इथल्या बायकांत कुजबुज आहे की रायसीभाईंच्या मागे पानबाईने जीव कोंडून ठेवले आहेत, आपल्या धर्मात हे बसतं का. मला ते ऐकवत नाही. बिजेनंतर त्यांची तोंडं बंद होतील. आणि तुम्हीही मोकळ्या व्हाल. दर वेळी मुंबईला या म्हटलं की तुम्ही लिहिता, कासवांना कोण बघणार. खिडकीकडची खोली रिकामीच आहे. नेणबाईने तिला नवा रंग दिला आहे, तुमच्या आवडीचा, फिकट हिरवा.

कंबर बरी आहे. लादी मी पुसत नाही, पण पुसतो असं तुम्हांला कळवायला तिने सांगितलं आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असाच ठेवा.

तुमचा
खेतसी

*

वेलापर
वैशाख वद्य तृतीया

चि. खेतसी यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जेवताना उघडलं आणि ताटावरून उठले. भाकरी गाईला घातली. आता राग थोडा खाली आला आहे, म्हणून लिहायला बसले.

शेठाणी तळ्यात जात नाही. मुनीमही नाही, दलालही नाही, पटेलही नाही. ही रानातली कासवं आहेत. त्यांच्या पायांना पडदे नसतात, हत्तीच्या पायांसारखे ठोकळे असतात. तू त्यांना वेलासरमध्ये सोडलंस तर ती धोंड्यासारखी तळाला जातील, वर ढोल वाजत असतील आणि लोक जय बोलत असतील. आपल्या बोलीत पाण्यातलंही कासव आणि माळावरचंही कासव, एकच शब्द, म्हणून तुझी निम्मी चूक माफ. उरलेली निम्मी नाही. लहानपणी तू याच अंगणात त्यांच्या पाठीवरच्या चांदण्या मोजत बसायचास. भीमा रबारी त्यांना चांदण्या म्हणत नाही, सूर्य म्हणतो. चांदण्या म्हण की सूर्य म्हण, पाण्यात दोन्ही विझणार.

आता पाटीचं. तुला माहीत आहे, मी त्यांचं नाव आयुष्यात तोंडाने घेतलं नाही. घेत नसतात. पण मी वाचायला शिकले तेव्हा पहिला शब्द वाचला तो त्यांचं नाव, पांजरपोळीच्या पाकिटावर. त्यांनी कधी शिकवलं नाही, मी चुलीपुढे बसून पुड्यांचे कागद लावून लावून शिकले. जे नाव बोलता येत नव्हतं ते वाचता येतं, याचं मला किती अप्रूप वाटलं होतं ते त्यांनाही सांगितलं नव्हतं. ते नाव तू अशा पायरीवर लावणार, जिच्याखाली त्यांची चार कासवं मेलेली असतील.

आणि कोंडण्याचं म्हणशील तर ऐक. आमच्या अंगणाला भिंत एकाच बाजूला आहे. तिन्हीकडून काटेरी कुंपण आणि पुढे दारात एक आडवी फळी, गुडघ्याएवढी. आत निवडुंग आहे, बोर आहे, धामण गवत आहे. आठम-चौदसला आपण हिरवं तोडत नाही, म्हणून मी आदल्या दिवशी घोळ आणि कोवळी पानं काढून ठेवते. त्यांना तिथी पाळायची नसते, पण मला असते. शेजारची हांसबाई म्हणते, तू जीवाला निवडुंग खायला घालतेस, निवडुंग म्हणजे अनंतकाय, एका देहात अनंत जीव, केवढं पाप. मी म्हटलं, बाई, त्या पापाला म्हणावं, कासवाला लाग, मी फक्त काटे काढते. तिनेच मागे एका श्राद्धाला पटेलला दूध आणि तुपाची लापसी चारली होती. तो नाकातून पाणी गाळत बसला आणि खाईना. मी त्याला बाकी काही दिलं नाही, कोरड्या वाळूत उन्हात ठेवलं, उथळ परातीत पाणी ठेवलं. चालू लागला. कुणाला औषध विचारायला गेले नाही. इथली हवाच त्यांचं औषध आहे, आपण फक्त आड यायचं नाही. भिंतीच्या पायाशी दर वर्षी चुना लावते तो ती चाटून नेतात. पाठ घट्ट होते त्याने. भिंत तिथे कायम उघडी पडलेली असते आणि मला ती आवडते.

हे कोंडणं असेल तर मला त्या बायकांची नावं कळव, मी त्यांना एकेक पत्र लिहीन.

ढोलवाल्यांना नको म्हणून कळव. राग माझा आहे, माया तुझ्या वाट्याची आहे. दोन्ही जपून ठेव.

तुझी भाभी,
पानबाई

*

भातबाजार, मुंबई
ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

ती. स्व. भाभींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं आणि गादीवरून उठून मागच्या खोलीत जाऊन बसलो. मुनीम म्हणाला, शेठ, घरी सगळं ठीक ना. मी म्हटलं, तुझ्या नावाचं एक कासव आज बुडता बुडता वाचलं.

भाभी, माझ्या बाजूनेही थोडं ऐका. मी अबडाशाचा पोर. आपल्या खाडीत उंट पोहतात. खाराई उंट खारफुटीचा पाला खायला समुद्रात उतरतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या गावात उंट पोहतो तिथे कासव पोहणार नाही, अशी शंकाच मनात आली नाही. हे मी महाजनात सांगितलं, तर लालजीबापा म्हणाले, नशीब, तू उंटांना अभयदान दिलं नाहीस. आता बाजारात माझं नाव तळाव दलाल पडलं आहे. आमंत्रणं रद्द केली. पाटीही नाही. मोटाभाईंच्या नावाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी कोणाला वाचून दाखवलं नाही, नेणबाईलाही नाही.

पण भाभी, तळं गेलं, शब्द राहिला. मी सभेसमोर सांगितलं की बिजेला ती मोकळी होतील. तो शब्द मोटाभाईंच्या नावावर दिला आहे. तळ्यात नाही तर नाही, त्यांना त्यांच्या रानात सोडायला काय हरकत आहे? तुम्हीच लिहिलंत की इथली हवा त्यांचं औषध आहे, आपण आड यायचं नाही. मग ती फळी काय आहे? मी टोचून विचारत नाही. खरंच विचारतो आहे.

आणि दुसरंही खरं लिहितो. मोटाभाई गेल्यापासून तुम्ही त्या अंगणातून बाहेर पडला नाहीत. आठ वर्षांचा होतो तेव्हा मला भरवून शाळेत पाठवलंत. आता माझ्याकडे चार खोल्या आहेत आणि तुम्ही एकट्या विहिरीचं पाणी ओढता, हे मला रात्री जेवताना आठवतं.

मी बिजेला येतोच आहे. ढोलवाल्यांनी विसार परत द्यायला नकार दिला, तेही येतील.

तुमचा
खेतसी

ता. क. – जेठाणीबाई, तुमच्या धाकट्या जावेचे, नेणबाईचे, पाय लागणे. यांचं ऐकू नका आणि माझंही ऐकू नका. पण खोलीचा रंग खरंच छान झाला आहे. एकदा बघून तरी जा.

*

वेलापर
ज्येष्ठ वद्य द्वादशी

चि. खेतसी यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं नाही. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर परवडलं असतं.

फळीचं मी बरेच दिवस मनात घोळवलं. ती तुझ्या मोटाभाईंनी बसवली, शेठाणीची पाठ ओली होती तेव्हा. कुत्री आत येऊ नयेत म्हणून. पाठ भरून आली, कुत्री म्हातारी होऊन गेली, फळी राहिली. ते असताना कोणी त्याबद्दल विचारलं नाही. मीही नाही.

चातुर्मासासाठी साध्वी महासतीजी आल्या आहेत. नलियाहून चालत आल्या, पायांना फोड आहेत, तरी दुसऱ्या दिवशी गोचरीची भिक्षा घ्यायला आमच्या दारी आल्या. फळी ओलांडताना त्यांना कासवं दिसली. घाईने पाऊल मागे घेतलं, मग वाकून बघत राहिल्या. मी त्यांना सरळच विचारलं की महाराज, मी जीव कोंडलेत का. मला वाटलं, सूत्रातलं काही सांगतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, फळी काढली तर ही राहतील का?

मी खरं तेच सांगितलं, की माहीत नाही, कधी काढून पाहिली नाही.

त्यांनी दोन भाकरी घेतल्या, तिसरीला नको म्हणाल्या, गेल्या. मी मात्र तेव्हापासून माझं तेच उत्तर उगाळत बसले आहे. मला त्यांचं खाणं कळतं, झोप कळते, कोण कोणावर रुसलंय तेही कळतं. एवढी एक गोष्ट मी कधी विचारली नव्हती.

ये तू. ढोलवाल्यांना घेऊन ये, लापसी करीन. काय करायचं ते तू आल्यावर मी ठरवीन. मी ठरवीन असं लिहिलं आहे, आपण ठरवू असं नाही, हे नीट वाच.

नेणबाईला सांग, जाऊ म्हणून ती मला फार गुणाची मिळाली. जिव्हाळा दोघांनी मिळून वाटून घ्या.

तुझी भाभी,
पानबाई

*

वेलापर
आषाढ शुद्ध पंचमी

चि. खेतसी यास,
नव्या वर्षाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी तार बिजेच्या आदल्या संध्याकाळी नलियाहून सायकलवरून आली. रूळ वाहून गेले, पालनपूरला अडकलो, माझ्या शब्दासाठी काही करू नका, तुम्ही ठरवाल ते. तारेत शब्दामागे पैसे पडतात, तरी तू भाभी हा शब्द दोनदा घातलास. मी ती तार दिवाणखान्याच्या कोनाड्यात ठेवली आहे.

तू आला असतास तर मी कदाचित हट्टाने नाही म्हटलं असतं. तू मोकळं सोडलंस म्हणून अडचण झाली.

बिजेला पहाटे दोन सरी पडून गेल्या होत्या. जमीन मऊ, हवा गार. ढोलवाले पाच जण सकाळीच हजर. मी त्यांना लापसी वाढली आणि सांगितलं की वाजवायचं नाही, कासवांना जमिनीतून हादरा कळतो, ती पाय आत घेऊन बसतील. त्यांचा म्होरक्या पुंजो म्हणाला, मासी, आम्हांला आजवर कोणी गप्प बसायला पैसे दिले नव्हते. मग पाचही जण ओट्यावर मांडीवर ढोल घेऊन बसले. भीमा रबारीही आला. तो म्हातारा झाला आहे, पण माळावरचं प्रत्येक झुडूप त्याला ठाऊक. त्याला मी सांगितलं, तू फक्त गाडीवाटेपाशी उभा राहा, बैलगाडी आली तर थांबव. वाटेपलीकडे त्यांचं ते बघतील.

हळदकुंकू लावलं नाही. फळी मी स्वतः काढली. भुसभुशीत झाली होती, हातातच निघाली.

पहिला दलाल गेला. त्याने फळीच्या जागी थोडं हुंगलं आणि सरळ बाहेर. मागे वळून बघितलं नाही. तुझ्या धंद्यातला शोभतो. मग मुनीम आणि पटेल, एकमेकांना ढकलत. मला वाटलं होतं, मला फार लागेल. लागलं. पण खेतसी, त्यांना चालताना बघून मी जाग्यावर उभी राहिले आणि माझी मान ताठ झाली, काय सांगू. गवत ओलं होतं आणि ते तिघे त्यात असे चालत होते, जणू काल रात्रीच कुणाकडे पाहुणे म्हणून आले होते आणि आता घरी निघाले होते. ते काहीच विसरले नव्हते. कुठल्या झुडपाखाली थांबायचं, कुठल्या पानाला तोंड लावायचं, कुठे खड्डा टाळायचा, सगळं येत होतं. माझ्या अंगणात ते इतकी वर्षं राहिले, तरी मी त्यांचं काही बिघडवलं नाही. हे मला कुणीतरी प्रशस्तिपत्रक दिल्यासारखं वाटलं. मी शाळेत गेले नाही, त्यामुळे मला तसलं कधी मिळालं नव्हतं.

शेठाणी शेवटी उठली. ती भिंतीपाशी गेली, चुना चाटला, बराच वेळ चाटला. पुंजो कुजबुजला, ही राहणार बहुतेक. मला एक क्षण तसंच व्हावं असं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग ती वळली. दारात आली आणि माझ्या पायापाशी थांबली. माझ्यासाठी थांबली असं मी लिहिणार नाही, माझा पाय तिच्या वाटेत होता. मी पाय बाजूला घेतला. ती गेली. देरासरात दर्शनाला निघालेल्या शेठाणीसारखी, सावकाश, डोकं वर. उन्हात तिची पाठ इतकी चमकत होती की पुंजोने विचारलं, मासी, हिला तेल लावलं का. मी म्हटलं, नाही, हिची स्वतःचीच चमक आहे. आणि ज्या मेहत्याने हिला ओच्यातून आणलं, त्याच्या हाताची.

गाडीवाटेपाशी खरंच एक गाडी आली. भीमाने काठी आडवी धरून ती थांबवली. गाडीवान शिव्या देऊ लागला, मग त्याने खाली बघितलं आणि बैलांची वेसण धरून उभा राहिला. चौघं पलीकडे गेली. मग मी पुंजोला खूण केली आणि त्यांनी ढोल वाजवले, थोडेच. तुझा शब्द पाळला गेला. सभेत सांग. तळाव दलाल हे नाव आता बदलून घे.

दुपारी महासतीजी पुन्हा आल्या. रिकामं दार बघून त्यांनी भाकरी घेतली आणि या वेळी तिसरीही घेतली.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. कासवांना कोण बघणार असं मी इतके दिवस लिहीत आले. आता कासवं नाहीत, निमित्तही नाही, म्हणून नीट लिहिते. मी मुंबईला राहायला येणार नाही. पूर्वी मी हे कासवांच्या मागे लपून सांगत होते, आता उघड सांगते. मला हे घर आवडतं. इथे माझं पाणी मी ओढते, माझं अंगण मी झाडते, संध्याकाळी ओट्यावर बसून पुडीचा कागद असो की ग्रंथ, हाताला येईल ते वाचते. तुझे मोटाभाई इथे जिथे जिथे बसायचे त्या सगळ्या जागा मला माहीत आहेत. त्या मुंबईत नाहीत, तुझ्या चार खोल्यांतही नाहीत. यात दुःख आहे, पण ते माझ्या सवयीचं झालं आहे. त्याची काळजी मी घेते. तू करू नकोस.

दिवाळीनंतर मात्र येते, पंधरवडाभर. फिकट हिरवा रंग बघायचा आहे आणि ज्या बायका कुजबुजत होत्या त्यांच्या हातचा चहा प्यायचा आहे. नेणबाईला सांग, जाऊ म्हणून नाही, पाहुणी म्हणून येते आहे, तेव्हा लादी तिने तुझ्याकडूनच पुसून घ्यावी.

पालनपूरच्या धर्मशाळेत तुला ताप आला होता असं कळलं. काढा घे. आठ वर्षांचा असताना घ्यायचास तसा, नाक धरून. लोभाला तोटा नाही, तू फक्त तो मोजत बसू नकोस.

तुझी भाभी,
पानबाई

ता. क. – हांसबाईने विचारलं, आता रिकाम्या अंगणात काय करणार. बिजेच्या दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेतली, निवडुंगापासून दारापर्यंतची जमीन खणली आणि गवारीचं बी टोकलं.